आमची पद्मिनी

रविवारी सकाळी गाडी धुवायला मी खाली उतरलो, की तासाभरात निदान दोन माणसे तरी थांबतात आणि विचारतात, "सर, गाडी विकायची आहे का?" आमच्या कोपरखैरण्यात हा आता एक नेमच होऊन बसला आहे. त्या दोघांपैकी एक शौकीन असतो आणि दुसरा भंगारवाला. शौकीन आधी बॉनेटवरून हात फिरवतो, मग किंमत विचारतो. भंगारवाला हात फिरवीत नाही. तो नुसत्या नजरेने वजन करतो. मौज अशी, की दोघांच्या आकड्यांत फारसे अंतर नसते. मी दोघांनाही एकच उत्तर देतो, "मालकाला विचारून सांगतो." यावर शौकीन हसतो. भंगारवाला मात्र "कधी येऊ?" असे विचारतो. व्यवहारी माणूस!

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिक आणि वर चित्रकलेची एक पदविका, एवढीच माझी विद्या. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांतून मोटार घेण्याजोगा पैसा सुटत नाही, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको. तरीही २०१४ साली एका कादंबरीचे मानधन आणि पतपेढीचे कर्ज यांची मोट बांधून मी १९८६ सालची एक प्रीमिअर पद्मिनी विकत घेतली. तेव्हापासून मोटारी कशा घ्याव्यात, कशा बाळगाव्यात आणि त्यांत काय फेरफार करावेत, यांविषयी माझी काही ठाम मते बनली आहेत. ज्याला एकच मोटार घेता आली त्याची मते नेहमीच ठाम असतात. दहा मोटारी घेणाऱ्याला मते बाळगण्याची गरजच पडत नाही.

जुनी मोटार पाहायला जाताना बरोबर जाणकार मित्र नेऊ नये, हे माझे पहिले मत. तो आपली जाणकारी सिद्ध करण्यासाठी दहा दोष काढतो, आणि आपण एक तर चांगली गाडी सोडतो नाही तर मित्र तरी. दुसरे, पोहोचताच बॉनेटला हात लावावा. ते गरम लागले तर चहा घेऊन परत यावे आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जावे. आपण येण्याआधीच इंजिन तापवून ठेवणारा विक्रेता काहीतरी झाकीत असतो. गाडीची खरी प्रकृती थंडपणी सुरू होताना कळते. तिसरे, पायाखालची चटई उचलून पाहावी. आमच्या या खाडीकाठच्या हवेत लोखंड आतून खाल्ले जाते आणि वरचा रंग मात्र नव्या नवरीसारखा चमकत असतो. चौथे, किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. क्लचच्या आणि ब्रेकच्या पेडलचे रबर पाहावे. आकडा मागे फिरवता येतो, झिजलेले रबर परत भरून येत नाही.

आणि शेवटचे, गाडीपेक्षा विकणारा नीट पाहावा. माझी गाडी चेंबूरच्या एका निवृत्त गृहस्थांची होती. त्यांनी घरातून एक वही आणून माझ्या हातात ठेवली. १९८६ पासून किती पेट्रोल भरले, तेल कधी बदलले, कोणता पट्टा कधी तुटला, सारे तारीखवार लिहिलेले. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी स्वतः गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत आणून दिली, किल्ली दिली आणि मागे न पाहता चालत घरी गेले. मी किमतीत घासाघीस केली नव्हती, याचे मला त्या क्षणी फार बरे वाटले.

पद्मिनीच का, असे मला पुष्कळजण विचारतात. तिचे कुळ सांगितल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकात आलेल्या गुबगुबीत फियाटला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून टाकले. १९६४ साली 'डिलाइट' आली, आणि तिचेच १९७४ साली पद्मिनी असे बारसे झाले. १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार गिअर, आणि गिअरचा दांडा जमिनीवर नव्हे, तर स्टिअरिंगच्या खाली डाव्या हाताला. त्यामुळे पुढे सलग बाकासारखी बैठक. त्या काळी पैसे भरून लोक वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत. नव्या शतकाच्या आरंभी ती बनायची थांबली. पण मुंबईच्या रस्त्यावर काळ्या-पिवळ्या रंगात ती त्यानंतरही वीसेक वर्षे धावत राहिली.

त्या काळ्या-पिवळ्या गाड्यांपैकी एक आमचे आबा चालवीत. एक म्हणणेही बरोबर नाही; १९७२ पासून २००९ पर्यंत त्यांनी अनेक चालवल्या, आणि त्यांतली एकही त्यांची नव्हती. टॅक्सी मालकाची, परवाना मालकाचा. आबांचा फक्त खाकी सदरा आणि छातीवरचा बिल्ला. सिडकोची खोली मिळून आम्ही खाडीच्या या बाजूला राहायला आलो, तेव्हा ते पहाटे साडेतीनला उठत आणि पहिल्या बसने पूल ओलांडून शीवला जात. रात्रपाळीचा चालक गाडी लावून जाई ती ते घेत. मालकाचा उल्लेख ते कधी नावाने करीत नसत. 'मालक' म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज किंचित खाली येई.

एकदा वाशीला भाडे सोडून ते टॅक्सी घेऊन घरी आले. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. सगळ्या चाळीची पोरे भोवती जमली. मी पुढच्या बाकावर बसलो आणि म्हणालो, "आबा, एक चक्कर!" आबांनी बाहेर हात काढून मीटर पाडला. सेक्टरला वळसा घालून आम्ही परत आलो. मीटरवर जेवढे झाले होते तेवढे पैसे त्यांनी डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात टाकले. डावा खिसा त्यांचा, उजवा हिशेबाचा. तेव्हा ते टक्केवारीवर चालवीत, आणि मीटरवर पडेल त्यात मालकाचा वाटा असे. आई म्हणाली, "पोराला फिरवलं त्याचेही पैसे?" आबा म्हणाले, "गाडी आपली आहे का?" त्या दिवशी मी मनाशी ठरवले, की आपण गाडी घ्यायची आणि ती पद्मिनीच घ्यायची. पुढे घेतली. आबांना आनंद झाला असावा. तोवर काचबिंदूने त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि डॉक्टरांनी वाहन चालवायला कायमची मनाई केली होती. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, चारी टायर पायाने दाबून पाहिले, आणि "बरी आहे," म्हणाले.

आता मोटारीतील फेरफारांविषयी. हे तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार दुरुस्तीचा. तो करावाच लागतो. दुसरा सोयीचा. माझ्या गाडीला मी चांगले पट्टे बसवले, दिव्यांचा उजेड वाढवला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून इंधनाच्या नळ्या बदलून घेतल्या. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी असे फेरफार पुष्कळ केले. नव्या शतकाच्या सुरुवातीला न्यायालयाच्या आदेशाने टॅक्सी सीएनजीवर गेल्या, गॅसच्या टाकीने डिकी भरून गेली, आणि उतारूंचे सामान टपावरच्या कॅरिअरवर चढले. "चढावर दम लागतो तिला," एवढीच आबांची तक्रार होती. हे फेरफार गरजेतून झाले आणि म्हणून गाडीला शोभले.

तिसरा प्रकार नटवण्याचा. आमच्या पामबीच रस्त्यावर रात्री उभे राहिले, की या प्रकाराचे प्रदर्शन फुकट पाहायला मिळते. रुंद चाके, जमिनीला टेकलेले पोट, आणि झोपलेल्या नेरूळला जागे करणारा सायलेन्सर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने अशा फेरफारांवर पूर्वीच बंधन घातले होते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले, की उत्पादकाने जशी घडवली त्याहून वेगळी गाडी करता येणार नाही. हा निकाल वाचून मी मान डोलावली. पण मान डोलावताना खाली पाहावे लागले. कारण दोनच वर्षांपूर्वी, २०१७ साली, मी स्वतः हेच केले होते.

त्याचे असे झाले. एका मासिकात मी एक नटवलेली पद्मिनी पाहिली, आणि माझ्यातला चित्रकार बिघडला. रात्री वहीत रेखाटने करू लागलो. मग तुर्भ्याच्या एका मिस्त्रीकडे ती वही घेऊन गेलो. पुढचा बाक काढून दोन वेगळ्या खुर्च्या बसवल्या. रुंद चाके लावली. त्यांनी स्टिअरिंग असे जड झाले, की वळण घेताना दंड भरून येत. ते मूळचे मोठे चक्र काढून लहान, चामड्याचे लावले. आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा काढून तो जमिनीवर आणला, आजकालच्या गाड्यांना असतो तसा. मिस्त्री म्हणाला, "सर, जुनं सामान ठेवू का?" मी ऐटीत म्हणालो, "टाका भंगारात." साठ हजार रुपये गेले. गाडी पंचेचाळीस हजारांची होती.

ती घरी आणली तेव्हा आबांना हात धरून खाली नेले आणि चालकाच्या जागी बसवले. त्यांना कमी दिसत होते. पण गाडीत बसल्यावर त्यांना डोळ्यांची गरज पडत नसे. पाय आपोआप पेडलवर गेले. उजवा हात चक्रावर गेला, आणि ते लहान लागले म्हणून जरा थबकला. डावा हात वर उचलला गेला, स्टिअरिंगखाली गेला, आणि हवेत राहिला. तेथे काही नव्हते.

"आबा, गिअर आता खाली आहे," मी अभिमानाने म्हणालो.

त्यांनी हात आवरला, मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "चांगली केलीस. आता तुझी झाली ही."

मी ही शाबासकी समजलो. लोकांना सांगत सुटलो, की छत्तीस-सदतीस वर्षे पद्मिनी चालवलेल्या माणसाने माझ्या गाडीला पसंतीची पावती दिली! त्यानंतर आबा त्या गाडीत पुढे कधी बसले नाहीत. दवाखान्यात जाताना मागे बसत. मला वाटे, मागे पाय मोकळे राहतात म्हणून बसत असतील. कादंबरीकाराला माणसांचे मन कळते, असा एक समज आहे. तो कादंबरीकारांनीच पसरवला असावा.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. ती २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या संध्याकाळी दूरदर्शन संचावर ती बातमी लागली. आबा खुर्चीत बसून ऐकत होते. पाहणे त्यांचे जवळजवळ संपलेच होते. कोणी तरी जुन्या टॅक्सीचा आवाज लावला; ते पहिल्या गिअरचे कण्हणे, मग दुसरा. माझे लक्ष सहज आबांच्या डाव्या हाताकडे गेले. खुर्चीच्या हातावर तो हलत होता. खाली. मग मनगट किंचित वळवून वर. हा दुसऱ्यातून तिसरा. मग सरळ खाली. चौथा. चेहऱ्यावर काहीच नव्हते. ते बातमी ऐकत होते, हात आपले काम करीत होता.

सहा वर्षांपूर्वी तो हात हवेत कशासाठी थांबला होता, हे मला त्या संध्याकाळी कळले.

आबांच्या मालकीचे आयुष्यात काही नव्हते, असे मी समजत होतो. पण ती एक जागा, स्टिअरिंगच्या खाली, वीतभर अंतरावर, त्यांची होती. गाडी कोणाचीही असो, मालक बदलो, दांडा तेथेच सापडे. अंधारात सापडे, पावसात सापडे, दृष्टी गेल्यावरही सापडला असता. मी साठ हजार रुपये खर्चून ती जागा काढून टाकली होती, आणि वर तिला 'माझी' म्हणवून घेत होतो. "आता तुझी झाली" या वाक्यात तक्रार नव्हती. त्यात एका चालकाने पाळी संपल्यावर दुसऱ्याच्या हाती किल्ली देण्याचा तो जुना शहाणपणा होता.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांची मला अशा वेळी आठवण येते. त्यांनी स्वतःच्या बुद्धीने 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवली. वर्षानुवर्षे एकामागून एक नमुने केले, प्रत्येकात काही बदलले, काही सुधारले. ती मोटार बाजारात आली नाही, ही आपली करंटी गोष्ट. पण फेरफार करण्याचा हक्क कोणाला, असे मला कोणी विचारले तर मी त्यांचे नाव घेईन. जो भाग आपण बदलतो तो तेथे का होता, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो हक्क. मला ते ठाऊक नव्हते. मला फक्त चित्र काढता येत होते.

पुढचे काही महिने मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांच्या दुकानांतून हिंडलो. दांडा एका दुकानात मिळाला, त्याच्या जोडकांड्या दुसऱ्यात, आणि त्या ज्या कंसात बसतात तो कंस तिसऱ्यात, एका गंजलेल्या ढिगाच्या तळाशी. ज्या वस्तू मी फुकट भंगारात टाकल्या, त्याच दामदुप्पट मोजून परत आणीत होतो. कोणी विचारले तर सांगत असे, कायद्याप्रमाणे गाडी मूळ रूपात हवी. तेही खोटे नव्हते. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि २०२२ च्या एप्रिलात त्याचे शुल्कच ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले. तेव्हा गाडी निर्दोष असलेली बरी. पण खरे कारण मी कोणाला सांगितले नाही. बायकोने ते ओळखले असावे, कारण या खर्चाबद्दल ती एक शब्दही बोलली नाही, आणि हे तिच्या स्वभावाला धरून नव्हते.

तुर्भ्याचा तोच मिस्त्री. त्याने सारे सामान पाहून कपाळाला हात लावला. "सर, लोक वरचा खाली आणतात. तुम्ही खालचा परत वर नेणार?" मी म्हणालो, "हो." बाक मात्र हुबेहूब मिळाला नाही, तो सुताराकडून आणि गादीवाल्याकडून करवून घेतला.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचे तोरण बांधले. पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवला, आणि मी आबांना खाली आणले. त्यांना काही सांगितले नव्हते. "आबा, बसता का पुढे?" असे विचारून चालकाच्या बाजूचे दार उघडले. ते बसले. किल्ली माझ्याच खिशात होती, इंजिन बंद होते. पाय पेडलवर गेले. डावा हात वर उचलला गेला आणि स्टिअरिंगखाली गेला.

या वेळी तो हवेत राहिला नाही.

आबा काही बोलले नाहीत. क्लच दाबून त्यांनी पहिला टाकला. मग दुसरा. परत पहिला, परत दुसरा. तिसरा, चौथा. मी बाजूला बाकावर बसलो होतो, लहानपणी बसलो होतो तसाच. काही तरी बोलावे, सहा वर्षांचे काही तरी सांगून टाकावे, असे मनात आले. पण आबांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. त्यांनी पुन्हा एकदा दुसरा टाकून पाहिला आणि मान हलवली.

"दुसरा अडतोय," ते म्हणाले. "दाखवून घे."

सोमवारी मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने खाली वाकून पाहिले, दोनदा दांडा हलवला आणि म्हणाला, "बरोबर आहे, एक बुश झिजलाय. पण चालवताना हे कळण्यासारखं नाही, सर. तुम्हाला कळलं?"

"मला नाही," मी म्हणालो. "मालकांना."